बारीक आवाज

रविवारी आमच्या हॅम रेडिओ क्लबानं टेकडीवर बांबूला अँटेना बांधली. रेडिओवर आमच्यासारख्याच दूरदूरच्या हौशी लोकांच्या दणदणीत आवाजांची गर्दी होती. सावंतकाकांनी एकदम हात वर केला. "गप्प बसा रे! या आवाजांच्या मागे कुणीतरी बारीक आवाजात बोलतंय."

जेवणाच्या डब्यांची झाकणं वाजायची थांबली. तो आवाज पकडायला आम्ही अँटेनाचा बांबू हळूहळू फिरवत राहिलो, तेव्हा कुठे त्या अनोळखी माणसाचं नाव कळलं. ज्याचा आवाज क्षीण, त्याला आधी बोलू द्यायचं, ही आमच्या क्लबाची रीत. वीस वर्षं मी ती पाळतोय.

शेवटच्या महिन्यांत माझ्या वडिलांचा, आप्पांचा, आवाज असाच झाला होता. ते खाटेवरून काहीतरी सांगायचे आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचो, "आप्पा, जरा मोठ्यानं बोला ना!"

"काही नाही रे," ते म्हणायचे.

तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू यायचं.