ज्वालामुखी, मार्गे तेलगाव

दिंद्रुडचे शहादेव ओव्हाळ एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माजलगाव-परळी गाडीवर गेली. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी एक खोड काही सुटली नाही. कुठल्याही गाडीत चढले की आधी माणसं मोजायची. वऱ्हाडाची जीप असो नाहीतर बारशाला निघालेला टेम्पो, शहादेवरावांचे ओठ हलायला लागायचे, आणि आकडा जमेपर्यंत ते कुणाशी बोलायचे नाहीत. जपानला जाताना विमानातही त्यांनी मोजायला घेतलं होतं. दोनशे अकरापर्यंत आले तेवढ्यात विमानातल्या पोरीनं दंडाला धरून त्यांना जागेवर बसवलं. संडासात किती जण गेलेत ते राहूनच गेलं, याची रुखरुख त्यांना टोकियोला उतरेपर्यंत होती.

टोकियोला त्यांची मुलगी यशोधरा एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं आईवडिलांना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. पहिला आठवडा तिनं रजा काढून सगळं फिरवून दाखवलं. मग कामावर जाणं भाग होतं, आणि हे दोघं नवव्या मजल्यावरच्या खोलीत बसून खालच्या मोटारी मोजत राहिले. म्हणजे मोजत होत्या पारूबाई. शहादेवराव खिडकीकडे पाठ करून बसायचे. ऊन लागतं म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात यशोधरानं दोघांना एका दिवसाच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. सोबत गाईड, सकाळी बस, दुपारी ज्वालामुखी, संध्याकाळी परत. ऑफिसला जायच्या गडबडीत तिनं सांगितलं की बस डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते आणि तिथून पुढं रोपवे आहे. शहादेवरावांनी ऐकलं रेल्वे. त्यांना फार बरं वाटलं. माजलगावला आजवर रेल्वे आली नाही आणि इथं लोकांनी ज्वालामुखीपर्यंत नेली, म्हणून त्यांनी जपान्यांचं खूप कौतुक केलं. फक्त एक शंका विचारली, की तो ज्वालामुखी सध्या चालू आहे का बंद. यशोधरा म्हणाली, वाफ निघते, पण काळजी करू नका. पारूबाईंनी धपाटे बांधून घेतले.

बसपाशी हिरवा झेंडा घेतलेली एक चुणचुणीत बाई उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. ते केइको-सान असं काहीतरी होतं. पारूबाईंनी दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा तिला केसरबाई म्हणून हाक मारली. तिनंही ओ दिली, म्हणून मग तेच ठरलं.

शहादेवराव दाराजवळच्या सीटवर बसले. केसरबाई बोटानं माणसं मोजत मागं गेली आणि मोजत पुढं आली. इकडं शहादेवरावांचंही मोजून झालं होतं. ते एकवीस बोटं दाखवायला गेले, पण हातांची दहाच निघाली, म्हणून दहा, दहा आणि एक अशी तीनदा दाखवली. केसरबाईनं आपल्या कागदाकडं बघितलं आणि मान हलवली. वाटेत दोन ठिकाणी बस थांबली. दोन्ही वेळा तिनं मोजलं, ह्यांनीही मोजलं, आणि दोन्ही वेळा एकवीस भरले. एकाच डेपोत नोकरी केल्यासारखं त्या दोघांचं जमलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

पायथ्याला उतरल्यावर शहादेवराव रूळ शोधायला लागले. रूळ कुठंच नव्हते. मग पारूबाईंनी वर बोट दाखवलं. आभाळात एक जाड तार गेली होती आणि तिला काचेच्या खोल्या लटकत होत्या. एक खोली डोंगरावरून हलत हलत खाली येत होती. शहादेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांना उंचीची भीती होती. साधीसुधी नव्हे. एकदा धारूरच्या स्टँडवर टपावर तुरीची पोती बांधायला कुणी मिळेना, म्हणून ते स्वतः मागच्या शिडीनं वर चढले. पोती बांधली, आणि मग खाली बघितलं. त्यानंतर त्यांना उतरता येईना. गाडी भरलेली, वेळ झालेली, पॅसेंजर घड्याळ दाखवताहेत. शेवटी ड्रायव्हर बंकट वर गेला, त्यानं शहादेवरावांच्या काखेतून दोर घातला आणि त्यांना पोत्यासारखं खाली सोडलं. बंकटनं ही गोष्ट पोटात ठेवली, अशी शहादेवरावांची समजूत होती.

त्यांनी पारूबाईंना सांगितलं की मी इथंच थांबतो, सगळ्यांचं सामान बघतो. पारूबाई म्हणजे चिंचा झोडायला शेंड्यापर्यंत चढणारी बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "बंकट भावजींनी दोरानं उतरवलतं तुमाला. म्हाईत हाय मला. सगळ्या डेपोला म्हाईत हाय. इथं कुणाला म्हाईत न्हाई, तवा गुमान चला."

शहादेवराव बाकावर बसून राहिले. पारूबाई पुढं निघून गेल्या. पण केसरबाईचं मोजून वीस भरले आणि ती जागची हलेना. झेंडा वर धरून उभी राहिली. सगळे लोक रांगेत थांबले, एक पाळणा रिकामा गेला, दुसरा गेला. एका पॅसेंजरपायी गाडी खोळंबलेली शहादेवरावांनी बत्तीस वर्षांत कधी खपवून घेतली नव्हती. अशा माणसाला काय काय बोलायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. ते सगळं त्यांनी मनातल्या मनात स्वतःला ऐकवलं, उठले, आणि डोळे घट्ट मिटून पाळण्यात शिरले.

शेवटच्या पाळण्यात हे दोघं, केसरबाई, आणि टोपीवर कांगारूचं चित्र असलेले एक गोरे आजोबा व त्यांची बायको, एवढेच होते. दार लागलं. पाळणा सुटला आणि पायाखालची जमीन गेली. शहादेवरावांनी मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. थोड्या वेळानं तारेचा खांब आला आणि पाळणा खडखडून वर उचलल्यासारखा झाला. शहादेवरावांच्या तोंडून आपोआप निघालं, "तेलगाव."

पुढचा खांब आला. "दिंद्रुड." त्याच्या पुढचा आला. "सिरसाळा."

रोजच्या रस्त्यावरची गावं ती. नुसती नावं घेतली तरी त्यांना धीर येत होता. पण समोरच्या गोऱ्या आजीनं हा कसला तरी भारतातला मंत्र आहे अशी समजूत करून घेतली. तिचाही चेहरा पांढराफटक पडलेला होता. तिनं हात जोडले आणि ती मागून म्हणायला लागली. मग आजोबाही म्हणायला लागले. केसरबाई कुणाला नाराज करणाऱ्यांतली नव्हती, तिनंही सूर धरला. "पांगरी," शहादेवराव म्हणाले. "पांगरी," तिघं म्हणाले. "परळी." "परळी." खांब अजून संपले नव्हते, म्हणून शहादेवरावांनी गाडी परत तेलगावपासून काढली.

पारूबाई एकट्या काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. पाळणा डोंगराच्या माथ्यावरून पलीकडं गेला आणि एकदम खालचं सगळं दिसायला लागलं. पिवळा, करडा, उकरलेला उतार, आणि जागोजागी भसाभसा वाफ. काचेच्या फटीतून वास आत आला. पारूबाईंनी दोनदा नाक वर करून हुंगलं.

"अवो, डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "साखर कारखाना हाय खाली."

शहादेवरावांनीही हुंगलं. खरंच माजलगावचा वास होता. कारखान्यात रस साफ करायला गंधक जाळतात, तो गाळपाच्या दिवसांतला वास. हिवाळाभर त्यांची गाडी ह्याच वासातून जायची. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. खालची वाफ बघत ते म्हणाले की धुराडं कुठं दिसत नाही. पारूबाई म्हणाल्या, मोडलं असंल. कारखाना नाही हे कळायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोपर्यंत त्यांचा एक हात दांड्यावरून सुटलेला होता.

तेवढ्यात पाळणा जागच्या जागी थांबला.

वारा सुटला होता. लाऊडस्पीकरवर कुणीतरी काहीतरी सांगितलं, केसरबाईनं ते हसून इंग्रजीत सांगितलं, पण पाळणा झुलत होता आणि गोऱ्या आजीला धाप लागली. ती सीटवर आडवी झाली. आजोबा टोपीनं वारा घालायला लागले. शहादेवरावांनी हे बघितलं आणि त्यांचा दुसरा हातही सुटला. गाडी बंद पडली आहे, पॅसेंजर घाबरलेत, आणि कंडक्टर दांडा धरून बसलाय, हे त्यांना बघवेना. ते उठून उभे राहिले. आजीच्या जवळ जाऊन, बत्तीस वर्षं दर पंक्चरला आणि दर तापलेल्या इंजिनाला जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं.

"मावशी, काय घाबरू नका. पाच मिन्टात निघंल."

आजतागायत ते कधीही खरं ठरलं नव्हतं. पण इथं मोजून पाच मिनिटांत पाळणा हलला. सर्वांत जास्त आश्चर्य शहादेवरावांनाच वाटलं. आजीनं उठून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. पारूबाईंनी धपाटे सोडले आणि सगळ्यांना एकेक दिला.

वरती गंधकाच्या उकळत्या पाण्यात अंडी उकडून विकत होते. कवच काळं कुळकुळीत. एक अंडं खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं, असं केसरबाईनं सात बोटं दाखवून आणि मग म्हातारीसारखं कमरेत वाकून समजावलं. शहादेवरावांनी दोन खाल्ली. तिसरं सोलायला घेतलं तेव्हा पारूबाईंनी हातातून काढून घेतलं. त्यांचं स्वतःचं अजून दुसरंच अंडं चाललं होतं. त्या म्हणाल्या, "माज्या म्होरं सात वर्सं जाऊन काय करताव? भाकर कोन करून घालंल?" मग त्या तिसऱ्या अंड्याचे त्यांनी दोन भाग केले, पिवळ्या बलकासकट अगदी सारखे.

परतायची वेळ झाली आणि वारा फिरला. खड्ड्यातली सगळी वाफ लोकांच्या अंगावर आली. हाताच्या अंतरावरचं दिसेना. केसरबाईनं ओला रुमाल तोंडाला लावून मोजलं. वीस. शहादेवरावांनी मोजलं. वीस. कांगारूच्या टोपीचे आजोबा नव्हते. त्यांची बायको एकटीच अंड्यांची पिशवी धरून उभी होती.

केसरबाईनं कर्ण्यातून हाका मारल्या. पण तिथं आठदहा गाईड होते, सगळे आपापल्या कर्ण्यांतून ओरडत होते आणि सगळ्यांचे झेंडे वाफेत पांढरेच दिसत होते. ती बिचारी रडवेली झाली. शहादेवराव एका बाकड्यावर चढले. बाकडं दोन फूट उंच होतं, तरी पारूबाईंनी मागून त्यांचा सदरा धरून ठेवला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, खोकले, परत घेतला, आणि स्टँडवर द्यायचे तशी हाळी दिली.

"चलाऽ तेलगाव, दिंद्रुड, सिरसाळा, परळीऽ!"

सगळे कर्णे गप्प झाले. त्यांनी पुन्हा हाळी दिली. तेव्हा डावीकडच्या वाफेतून एक बारीक आवाज आला, "पांगरी?"

घाईत पांगरी राहिली होती. शहादेवरावांनी चूक कबूल केली आणि पांगरी धरून तिसऱ्यांदा हाळी दिली. आवाजाच्या मागावर केसरबाई धावत गेली आणि आजोबांना घेऊन आली. ते दुसऱ्याच कुणाच्या झेंड्यामागं रांगेत उभे होते, आणि आणखी दोन मिनिटांत समुद्राकडं जाणाऱ्या बसमध्ये चढले असते. त्यांच्या हातात त्या लोकांनी दिलेली छत्रीही होती. आजीनं त्यांना आधी झापलं आणि मग मिठी मारली.

वाऱ्यामुळं पाळणे बंद ठेवले होते, म्हणून सगळ्यांना रस्त्यानं बसमधून खाली आणलं. यावर शहादेवराव नाराज झाले. येताना डोळे मिटल्यामुळं अर्धा डोंगर बघायचा राहिला, जाताना बघणार होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. केसरबाईनं बस सुटायच्या आधी स्वतः मोजलं नाही. तिनं दाराजवळच्या सीटकडं बघितलं. शहादेवरावांनी मागं नजर टाकली आणि बोटं दाखवायच्या भानगडीत न पडता सरळ मराठीत सांगितलं, एकवीस. तिनं ड्रायव्हरला हात केला. खाली पोचेपर्यंत तिला तो शब्द पाठ झाला होता.

यशोधरानं संध्याकाळी विचारलं, ज्वालामुखी कसा होता. पारूबाई म्हणाल्या, वास वळखीचा हाय. शहादेवरावांना सांगायचं पुष्कळ होतं, पण ते जेवता जेवताच झोपले.

ते गावी परत आले आणि यंदा वीस मार्चला दिंद्रुडहून महाडला चवदार तळ्यावर गाडी गेली. दोघंही गेले. दुसऱ्या दिवशी सगळे रायगडावर निघाले. तिथंही रोपवे आहे. शहादेवराव रांगेत पहिले होते. पारूबाईंनी मात्र गावातल्या बायांबरोबर पायऱ्यांनी चढायचं ठरवलं, त्यांना नुसतं बसून जाण्यात काही गोडी वाटेना. शहादेवराव वर जाऊन अडीच तास पायऱ्यांच्या तोंडाशी थांबले. येणारा-जाणारा त्यांना गड बघून या म्हणाला, पण ते हलले नाहीत. दगडावर बसून एकेक वर येणारं डोकं बघत राहिले.

पारूबाई आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. शहादेवरावांनी एका धनगर बाईकडून घेतलेला ताकाचा ग्लास त्यांच्यापुढं धरला. ताक केव्हाच कोमट झालं होतं. पारूबाईंनी ते उभ्याउभ्याच संपवलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमी काय खाल्लं का न्हाई?"