रामोजी अण्णा गाडी फलाटावर लावतात

मेट्रोच्या डेपोतून रिकामी गाडी निघून बोगद्यात शिरताना दिसली, की मला बेंगळुरूचं आमचं रेल्वे यार्ड आठवतं. मग काय, एक किस्सा सांगायला जावं तर मागे चार उभे! नव्वदच्या दशकात मी तिथे पॉइंट्समन होतो, म्हणजे रूळ बदलून देणारा. यार्डातलं इंजिन चालवायचे रामोजी अण्णा. धुतलेली रिकामी गाडी फलाटावर नेऊन लावायची, हे आमचं काम. लोकांना वाटायचं, गाडी आपोआपच येते!

* * *

एकदा सकाळी आलेली गाडी यार्डात धुवायला घेतली. खिडकीतून फवारा आत गेला आणि आतून आवाज आला, "अरे, छत्री कुणाकडे आहे का?"

एक आजोबा झोपूनच राहिले होते! अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि त्याच गाडीतून फलाटावर आणलं. तिथे त्यांना न्यायला आलेला मुलगा सकाळपासून रडकुंडीला आलेला.

आजोबा उतरून त्यालाच म्हणाले, "गाडी लेट झाली रे. पण काय स्वच्छ ठेवलीय!"

* * *

एकदा गाडी उलटी लागली. पुढचे डबे मागे! नेमकं त्याच गाडीने एक लग्न हुबळीला निघालेलं. मुलाकडचे फलाटाच्या एका टोकाला, मुलीकडचे दुसऱ्या. सगळे ट्रंका घेऊन पळत सुटले आणि बरोबर मध्यावर एकमेकांना भिडले! गाडी सुटायला दोन मिनिटं, आणि इकडे "व्याही, आधी तुम्ही जा", "छे छे, आधी तुम्ही!"

शेवटी नवरीच ओरडली, "मी चढतेय! ज्यांना लग्न हवंय त्यांनी या!"

* * *

नव्या गाडीचं उद्घाटन होतं. फलाटावर मंत्री झेंडा घेऊन तयार. इकडे यार्डात इंजिनाला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले, आणि समोर रुळात एक म्हैस ठाण मांडून ते खुंट निरखतेय! शिट्टी मारली, हाकललं, हलायला तयार नाही. वायरलेसवर साहेबांचा आरडाओरडा.

अण्णा शांतपणे उतरले, एक खुंट सोडला आणि म्हशीला दाखवत दाखवत तिला रुळाबाहेर नेलं.

गाडी वेळेत लागली. मंत्र्यांनी विचारलं, "केळीचा खुंट एकाच बाजूला का?"

अण्णा म्हणाले, "दुसरा म्हशीला दिला, सर. लाइन क्लिअर तिच्याकडून घ्यायचं होतं!"

* * *

अण्णांची सगळी नोकरी यार्डात गेली. तिथे इंजिन माणसाच्या चालीने न्यायचं. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी तिरुपतीची गाडी फलाटावर लावली आणि कधी नव्हे ते स्वतःच प्रवासी म्हणून आत चढले. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, जेवणाचा डबा घेऊन आधीच खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या स्टेशनपर्यंत सोबत म्हणून मीही चढलो.

गाडी सुटली. यार्ड मागे पडलं. गाडीने वेग घेतला तसा अण्णांचा चेहरा बदलत गेला. एकदम उठले, खिडकीचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि इंजिनाच्या दिशेने ओरडले, "अरे स्वल्प हळू! मागे डबे आहेत!"