घंटेला दिलेले डाग

समुद्राकाठच्या तिरुवान्मियूरमधल्या त्या घरात मी माडीवरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पलंगाशेजारी भिंतीवर एक पांढरं बटण होतं. ते दाबलं की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजायची. घरमालकीण काकूंचे यजमान शेवटी याच खोलीत अंथरुणाला खिळून होते. वाचा गेलेली. काही हवं असलं की बटण दाबायचे, आधी दोनदा तुटक, मग एकदा लांब.

ते गेल्यानंतरही घंटा वाजत होती. शनिवारी दुपारी मी घरी असायची, बटणाला माझा हातही लागलेला नसायचा, आणि खालून खरखरत आवाज यायचा. कधी नुसतीच घरघर, कधी तुकड्या-तुकड्यांनी. मग काकूंची हाक, त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत, "आल्यें, आल्यें!" गुडघे धरत त्या जिना चढायच्या, दारातून पलंगाकडे बघायच्या आणि मला म्हणायच्या, "तूं दाबलीस कां?"

"नाही हो काकू."

"सेरि," असं तमिळमध्ये 'बरं' म्हणून त्या परत जायच्या.

मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सर्किट बोर्डांवर काम करते. नव्या मुलींना सोल्डरिंग शिकवणं हे माझंच काम. त्यामुळे भुताखेताचा विचार माझ्या डोक्यात आधी आला नाही. आधी आला तो खराब जोडाचा.

एका शनिवारी मी घंटेची डबी उघडली. आतल्या सर्किट बोर्डावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी सगळीकडे पसरलं होतं.

"हें त्यांनीच केलें होतें," काकू म्हणाल्या. "भांड्यांस डाग देतात, त्या मलमानें."

इथेच घोळ होता. भांड्याला डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, जे मलम लावतात त्यात आम्ल असतं. पितळेला ते चालतं, पण बोर्डावर राहिलं की तांबं खात बसतं. समुद्राची दमट हवा लागली की त्या हिरव्या थरातून वीज झिरपते आणि घंटा आपोआप वाजते. मी हे काकूंना समजावलं तेव्हा मलाच हायसं वाटलं.

रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बारीक सोल्डरची तार आणली. कारखान्यात आम्ही बिनशिशाचं वापरतो, पण ते वितळायला जास्त उष्णता लागते आणि या जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी उचलून आली असती. म्हणून कथील-शिशाचं घेतलं, पोटात आम्लाऐवजी राळ असलेलं. खिडकी उघडली, पंखा लावला. जुने डाग काढले, बोर्ड स्पिरिटने घासला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टी आणि तार दोन्हींना एकदम टेकवायचं, दोन्हींना तापू द्यायचं, मग सोल्डर टोकाला नाही तर जोडाला लावायचं. ते पाण्यासारखं पसरतं. गोठेपर्यंत हलवायचं नाही.

शेवटचा जोड गोठत असताना काकूंनी विचारलं, "ते रागावतील कां?"

माझा हात हलला. जोड मळकट, खरबरीत झाला. असा जोड धरल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. तो पुन्हा तापवून केला. मग चकाकला.

त्यानंतर घंटा आपोआप वाजायची थांबली. काकू दुपारी स्वयंपाकघरात नुसत्या बसून राहायच्या.

मग एका शनिवारी मी पलंगावर वाचत पडले होते. कानाशी टिक झालं. मान वळवली. बटण आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा आत गेलं, बाहेर आलं. मग आत गेलं आणि तिथेच राहिलं, कुणीतरी बोट रोवून धरल्यासारखं. खाली घंटा वाजत होती, खणखणीत. घरघर नाही, खरखर नाही.



काकू पाण्याचं फुलपात्र घेऊन वर आल्या. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. पाणी उशाच्या स्टुलावर ठेवलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"पहिलें मज कळत नव्हतें," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांची हाक कोठली, हवेची कोठली. तूं हवेची काढून टाकलीस. आतां जी वाजत्ये ती त्यांचीच."

त्याच संध्याकाळी मी सामान खालच्या पुढच्या खोलीत हलवलं. घर सोडायचंही मनात आलं होतं, पण काकू एकट्या राहिल्या असत्या.

हल्ली त्यांना जिना झेपत नाही. घंटा वाजली की त्या माझ्याकडे बघतात आणि मी पाणी घेऊन वर जाते. पलंगाकडे बघत नाही. फुलपात्र स्टुलावर ठेवते, "ठेवलंय हं," म्हणते, आणि कुणी काही बोलायच्या आत खाली येते.