दारू सुटल्यावरची पहिली आखाजी

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन मला अडीच महिने झाले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. लेकी माहेरी येतात, पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस होतो, दुसऱ्या दिवशी करीला मटण शिजतं आणि पुरुष ओट्यावर पत्ते घेऊन बसतात. करीला पिणाऱ्याला कुणी दारुडा म्हणत नाही. वर्षातल्या त्या एका दिवशी मी घरातला अगदी सर्वसाधारण माणूस असायचो.

केंद्रातल्या समुपदेशकांनी निघताना बजावलं होतं, "पहिल्या वर्षी सणासुदीला पिणाऱ्यांच्या घरी जाऊ नका."

"आणि पिणारे आपल्याच घरी असले तर?"

"मग हातात सतत सरबताचा ग्लास ठेवा. कुणी आग्रह करणार नाही."

म्हणून करीच्या सकाळपासून मी लोणखेड्याच्या आमच्या घरात पन्ह्याचा स्टीलचा ग्लास घेऊन हिंडत होतो. आग्रह कुणी केला नाही, पण डोकावून सगळ्यांनी पाहिलं. माय दोनदा येऊन गेली. वहिनी साखर पुरे आहे का विचारायला आली. शेवटी बायकोनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि काचेचा दिला. म्हणाली, "सगळ्यांचे हेलपाटे वाचतील."

दुपारी म्हशीला चारा घालायला मीच गोठ्यात गेलो. आमच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल आखाजीला संपतं, तो आदल्या दिवशीच मोलगीकडे आपल्या गावी निघून गेला होता. कडब्याच्या कुट्टीच्या पोत्यात हात घातला आणि बोटांना काच लागली. न फोडलेली इंग्लिश दारूची बाटली होती.

क्षणभर वाटलं, माझीच एखादी जुनी राहिली असेल. पण लेबल नवं करकरीत होतं. मग उलगडा झाला. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सुरतेहून आले होते. त्यांच्या पाहुणचारासाठी मोठ्या भावानं ती आणली असणार आणि माझ्या नजरेस पडू नये म्हणून इथे लपवली असणार. बारा वर्षं दादानं माझ्या बाटल्या याच पोत्यातून काढल्या होत्या. लपवण्याची दुसरी जागा त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हती.

हसू यायला हवं होतं, आलं नाही. तोंडाला पाणी सुटलं. हात झाकणावर गेला होता. म्हैस माझ्याकडे बघत होती, तिला चारा हवा होता. मी दुसऱ्या हातानं फोन काढला. तळोद्याला आमच्यातलेच एक रिटायर कंडक्टर आहेत, नऊ वर्षांपासून दारूतून सुटलेले. त्यांना लावला.

"बाटली कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मन्हा हातमा."

"फोडेल शे का?"

"नही."

"मंग खाले ठेव आनि बोल."

"काय बोलू?"

"काहीबी. घर आज काय रांधेल शे ते सांग."

मी बाटली जमिनीवर ठेवली आणि मटण, भाकरी, कांदा, सगळं सांगत गेलो. ते मध्येमध्ये "मंग?" म्हणत होते, तिकीट फाडल्यासारखं. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "आते ती जेनी शे तेना हातमा दे. दुसरी जागे लपाडू नको. लपाडी तं तुन्ही व्हई जाई."

मी बाटली घेऊन ओट्यावर गेलो. पत्ते थांबले. दादाचा चेहरा पडला.

"तुले कोनी सांगं?"

"कोनीच नही. ती मन्ही जुनी जागा शे."

तेवढ्यात माय आतून आली. "तोंड उघड," ती म्हणाली. "हाऽऽ कर." मी केलं. मग वहिनीनं वास घेतला, मग बहिणीनं. बारा वर्षं मी झोकांड्या खात याच ओट्यावर चढत होतो, तेव्हा कुणालाच कधी वास आला नव्हता. गावात विचारलं तर घरचे सांगायचे, त्याला पित्ताचा त्रास आहे.

"पन्ह्याचा वास येतोय," बहीण म्हणाली, आणि रडायला लागली.

दाजी पत्ते खाली ठेवून म्हणाले, "मन्हासाठे आनी का? माले तं डॉक्टरनी दोन साल पयले बंद करी दिन्ही."

"मंग मांगली आखाजीले मन्हासंगे कसा बठनात?" मी विचारलं.

"तू एकला पेत बठशी, बरं दिसाव नही, म्हनीसन."

मी तर आजवर समजत होतो की जावयाचा मान राखायला मी त्यांच्यासोबत बसतो.

आता बाटली कुणाचीच नव्हती. मला केंद्रात पोचवताना गाडीत तीन तास उपदेश करणाऱ्या दादानं ती उचलली. "शेतमा पानी सोडी येस," असं म्हणून तो गेला. त्या दिवशी शेतातल्या मोटारीला लाईट रात्रीची होती, दुपारी पाणी सोडता येणारच नव्हतं. हे ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दाजींनी पत्ते पिसायला घेतले. दादाच्या पाठीकडे पाहून मला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली.

जेवायला बसलो. कितीतरी वर्षांनी मी शुद्धीत करीचं जेवण जेवत होतो. वहिनीनं विचारलं, "रस्सा कसा व्हयना?" केंद्रात शिकवलं होतं, साध्या गोष्टीतही खरं बोलायचं.

"मीठ जरा जास्त शे," मी म्हणालो.

वहिनी कढईकडे वळली. "दारू पीसन ये, तवय बरं बोले हाऊ," ती मायला म्हणाली.

मायनं माझ्या वाटीत थोडं गरम पाणी ओतलं आणि माझं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली.