गॅलरीतला कप

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पल्मोनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. गोळ्या नियमित घ्या, पूर्ण बरा होतो."

माझ्या तोंडून काय निघावं? "पण मॅडम, आम्ही तर स्वच्छ लोक!" बँकेत अधिकारी मी, आणि वरून इंदूरची. स्वच्छतेचा माज तर विचारूच नका.

"घरात कोण कोण?" त्यांनी विचारलं. कॉन्टॅक्ट स्क्रीनिंग करायचं होतं, म्हणजे पेशंटच्या सहवासातल्या सगळ्यांची तपासणी.

"मी, हे आणि मुलगी. कामवाली सुगनबाई खोकते, तिच्याकडूनच आलं असणार. ह्या लोकांचं काय सांगावं!"

"खोकला आधी कोणाला?"

मला. दिवाळीपासून मी सिरप पीत होते. सुगनबाई आठवड्याभरापासून खोकत होती.

"दिवसभर तुमच्याच घरात असते ना? मग ती घरातलीच. घेऊन या."

सुगनबाई इंदूरजवळच्या हातोदची. तिचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा, गॅलरीत वॉशिंग मशीनमागे. का, तर इन्फेक्शन नको. आता सांगतानाही मेलं कसंतरी होतं.

एक्स-रेच्या रांगेत तिने हळूच विचारलं, "दीदी, पोते को तो नहीं हुआ होगा ना? मेरे पास ही सोता है." रिपोर्ट येईपर्यंत तिचा तो तान्हा नातू माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

तिचा एक्स-रे आणि थुंकीचा रिपोर्ट दोन्ही साफ निघाले, साधी सर्दी होती. मला रडूच फुटलं. त्यात तिची काळजी किती आणि माझी सुटका किती, देव जाणे.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, गोळी एकही चुकवू नका. गोळ्यांनी भूक मेली, उलट्या झाल्या, पण बरी झाले मी. डॉक्टरबाईंचे उपकार आहेत. आणि कोणाचं नाव घेण्याआधी आपला खोकला आधी तपासून घ्या.

माझ्या आजारपणात घरी राहिलेली सुगनबाई कामावर परतली त्या दिवशी मी आमच्या सेटमधल्या कपात चहा दिला. तिने तो गॅलरीत नेला आणि आपल्या कपात ओतून घेतला.

"अगं सुगनबाई, यातच पी ना!"

"रहने दो दीदी, आदत है." मग हसली. "आपकी बीमारी सुनी तब से बहू ने भी मेरा कप अलग कर दिया. अब दोनों घर में अलग है."