विमानाच्या पोटावरची बोटं

थर्माकोलला एकदा बोट रुतलं की खळगा राहतो. तो भरून येत नाही. चाकणला पॅकिंग खात्यात माझी सगळी नोकरी थर्माकोलच्या तक्त्यांमध्ये गेली, त्यामुळं हे मला चांगलं माहीत आहे. तिथं खळगा पडला की तक्ता बाद, विषय संपला.

माझ्या विमानाच्या पोटाखाली असे खळगे आहेत. एका अंगाला चार बोटांचे, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा. ते माझ्या बायकोचे. ती गेली. तिचं वर्षही होऊन गेलं.

विमान म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर कोणाला वाटेल म्हातारा पायलट होता. मी शाळा सातवीत सोडली. हे रिमोटवरचं विमान. पंख पसरून छातीशी धरलं तर दोन्ही बाजूंनी थोडं बाहेर येतं एवढंच. पुढं पंखा, पोटात बॅटरी, शेपटी हलवायला दोन बारक्या मोटारी. बाकी सगळं थर्माकोल आणि पार्सलची चिकटपट्टी. पंख रबरांनी बांधायचे, म्हणजे विमान आपटलं तर पंख निसटून बाजूला पडतात, मोडत नाहीत. मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं बायको कडीला अडकवून ठेवायची. ती मला पुरायची.

नाद तिनंच लावला. मी रिटायर झालो आणि घरात बसून तिच्या स्वयंपाकघरात लक्ष घालायला लागलो. डबे इकडचे तिकडे करायचो. एकदा रावेतला नात्यातल्या एकांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. बिल्डिंगच्या मागं मोकळी जागा होती, तिथं चार-दोन माणसं असली विमानं उडवत होती. जेवणाची पंगत सोडून ही गॅलरीत उभी. मला म्हणाली, "अहो, हे थर्माकोलच आहे ना?"

म्हटलं, "हो."

"मग करा की एक. माझ्या डब्यांना तरी सुट्टी मिळंल."

पहिली विमानं मी मातीत घातली. मग जमायला लागलं. आमच्या संत तुकाराम नगरात उडवायची सोय नाही. वायरी, गच्च्या, टाक्या, आणि खाली पोरांची क्रिकेट. म्हणून रविवारी चाकणला जायचो. माझ्या जुन्या कंपनीच्या अलीकडं एक मोठा प्लॉट मोकळा पडलेला आहे. रविवारी कंटेनरही कमी असतात. जमीन खडकाळ, त्यामुळं विमानाला चाकं लावून उपयोग नाही. कोणीतरी ते हातानं वर सोडावं लागतं, कारण माझे दोन्ही हात रिमोटवर.

सोडायचं काम तिचं. पहिल्यांदा तिनं कुत्र्याला दगड मारावा तसं फेकलं. मी बोललो तिला, काय बोलायचं ते बोललो. ती म्हणाली, "असं ओरडून विमान वर जात असंल तर मला कशाला आणलंत?" मग तिनं तिची पद्धत काढली. पोटाखाली मधोमध धरायचं, दोन-चार पावलं चालायचं, आणि भाकरी तव्यात सोडतात तसा हात खालून काढून घ्यायचा. फेकायचं नाही, सोडायचं. तेव्हापासून विमान तिच्या हातातून कधी वाकडं गेलं नाही. धरायची जागा दर वेळी एकच, म्हणून बोटं रुतत गेली.

दुसरं तिचं काम हवेवर नजर ठेवायचं. उन्हाळ्यात आमच्याकडं हवा एका रंगाची नसते. सकाळी वारा मावळतीकडून, डोंगराच्या अंगानं येतो, गार आणि सरळ. तेव्हा विमान शहाण्या बैलासारखं चालतं. ऊन चढलं की कंपन्यांचे पत्रे तापतात, त्यांच्यावरून गरम हवा उठते, मधेच वावटळ फिरते. आणि दुपारकडं उगवतीला आभाळ भरलं की वळवाचा काही भरवसा नाही. वारा एकदम तोंड फिरवतो.

तिला हे सगळं आधी कळायचं, कारण तिचा चैत्र-वैशाख गच्चीवर वाळवणात जायचा. कुरडया घातलेल्या बाईला आभाळाकडं पाठ करून बसता येत नाही. ती म्हणायची, वळीव यायच्या आधी वारा पडतो. एकदम गप्प होतो. मला म्हणायची, "माझ्या पदराकडं बघत जा. पदर हलायचा थांबला की उतरवा." मी हसायचो, पण उतरवायचो.

एका उन्हाळ्यात ती शेवटची आली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली. पुढचा सगळा उन्हाळा विमान माळ्यावर पडून राहिलं. मी कधी स्टुलावर चढून खाली काढायचो, खळग्यांना हात न लावता बघायचो, परत ठेवायचो. घरात तिचा फोटो आहे, साड्या आहेत. पण फोटोला हार घातला की तो सगळ्यांचा होतो, आणि साड्या सुनेनं धुऊन घड्या घालून ठेवल्या. तिच्या हाताचं असं एवढंच उरलं होतं. विमान उडवलं तर एखाद्या दिवशी आपटणार, तिथंच फुटणार, हे मला माहीत होतं. न उडवलेलं विमान आपटत नाही.

यंदाच्या वैशाखात दापोडीचा माझा मित्र आला. पॅकिंग खात्यातला जोडीदार, माझ्याएवढाच म्हातारा. आल्या आल्या म्हणाला, "किती दिवस भिंत बघत बसणार राव? विमान काढ. स्कूटर खाली उभी आहे."

"मला नाही उडवायचं."

"मग मी उडवतो. आपटलं तर माझ्या नावानं शिव्या दे."

त्याच्या हातात रिमोट द्यायचा म्हणजे विमानाचं मढं काढणंच. म्हणून मीच निघालो.

प्लॉटवर पोचलो तेव्हा हवा चांगली होती. मी बॅटरी लावली, पंखा फिरवून बघितला. मित्र विमान हातात घेऊन उभा राहिला.

"कुठं धरू?"

"मागं धर. शेपटीकडं."

"शेपटीला धरून कसं सोडू? वहिनी तर मधे धरायच्या."

"तिथं धरू नको."

त्यानं विमान उलटं करून बघितलं. त्याला खळगे दिसले. त्यानं ते हळूच परत सुलटं केलं. शेपटीकडं धरून त्यानं सोडलं आणि विमानानं नाक खाली घातलं. व्हायचं तेच झालं, तोल मधे असतो, शेपटीत नसतो. मी रिमोटची दांडी ओढली. पोट गवताला घासलं आणि विमान कसंबसं वर निघालं.

"असं धरायला सांगशील तर असंच होणार," मित्र म्हणाला आणि थर्मासमधला चहा ओतायला बसला.

पण वर गेल्यावर विमानाला काही झालं नाही. एवढे दिवस माळ्यावर पडून होतं, तरी वळण घेतलं की आतला पंख झुकवून जुन्या सवयीनं फिरत होतं. अंगठे आपोआप चालायला लागले. ऊन वाढलं. कंपनीच्या पत्र्यावर नेलं तसं खालून कोणी तळहातावर उचलावं तसं ते उचललं गेलं. मी मोटर बंद केली. आवाज गेला. एक घार तिथंच घिरट्या घालत होती. पंख न हलवता ती वर चढत होती आणि तिच्या पलीकडून माझं थर्माकोल चढत होतं. घारीनं एकदा मान वळवून त्याच्याकडं बघितलं. म्हटलं, बघ बाई, आम्ही पण आलोय.

ते किती वेळ चाललं कोण जाणे. मान दुखायला लागली तरी मी खाली बघितलं नाही. खूप दिवसांनी मला काही आठवत नव्हतं. ती सुद्धा नाही.

आणि तेवढ्यात वारा पडला असणार. मला कळलं नाही. बघायला पदर नव्हता, मित्र पँट-शर्टात. माझं तोंड मावळतीकडं, आभाळ भरलं पाठीमागं. कळलं तेव्हा मानेवर गार फुंकर आली, आणि लगेच धुळीचा लोट.

"राव, मागं बघ," मित्र म्हणाला.

बघायला वेळ नव्हता. मी विमानाचं तोंड माझ्याकडं फिरवलं, मोटर पूर्ण जोरात सोडली. विमान समोर दिसत होतं, तोंड माझ्याकडं, पंखा जीव खाऊन फिरतोय, आणि जातंय मात्र मागं मागं. खाली घातलं तर वेग येईल, पण खाली शेड होती. बॅटरी संपत आलेली. ती हवेत संपली असती तर विमान दगडासारखं आलं असतं. म्हणून मी शेड ओलांडू दिली, रस्ता ओलांडू दिला, आणि पलीकडच्या शेतावर हळूहळू उतरवायला घेतलं. शेवटचं दिसलं ते एका आंब्यामागं जाताना. पुढचं अंगठ्यांना काय वाटलं ते केलं.

मित्रानं स्कूटर काढली. डोळ्यांत धूळ, मधे मधे टपोरे थेंब. आंब्याजवळ एक घर होतं. अंगणात दोन खाटा, खाटांवर लुगडी पसरून कुरडया घातलेल्या, आणि एक बाई एकटीच या खाटेकडून त्या खाटेकडं पळत होती.

मी विचारलं, "बाई, इकडं एक विमान पडलंय का?"

"पडलंय. कांदा काढलेल्या वावरात हाय. आदी ही खाट धरा."

"अहो, ते भिजंल."

"इमान भिजलं तर वाळंल, बाबा. कुरडई भिजली तर बुरसंल. धरा म्हन्ते ना."

मी वावराकडं बघितलं. पांढरं काहीतरी दिसत होतं. वाऱ्यानं ते उचललं आणि एकदा उलटं टाकलं. पोट वर आलं. धावलो असतो तर मिळालं असतं. बाईनं तोवर लुगड्याचे दोन कोपरे उचलले होते आणि बाकीचे दोन माझ्यापुढं लोंबत होते. मी ते धरले.

अर्धवट वाळलेल्या कुरडया नुसत्या गोळा करायच्या नसतात. एकमेकींना चिकटतात, सगळा लगदा होतो. चारी कोपरे ताणून, मधे झोळ न पडू देता, दोघांनी एका पावलानं चालायचं. ही चाल मला येते. गच्चीवरून जिन्यानं कितीदा उतरलोय. बाईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि काही सांगितलं नाही. दुसरं लुगडं उचलायला मित्र पुढं झाला तर त्याच्याकडं भला मोठा झोळ.

"अवो, मढं उचलल्यागत काय धरताय? तानून धरा."

मित्रानं चमकून माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं. कधीचं आलं नव्हतं तसलं. मग तोही हसला, आणि झोळ आणखी पडला, आणि बाईनं दोघांनाही घरात घेऊन झापलं.

पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. थोडा कमी झाला तसं तिनं विचारलं, "तुमच्याकडं करत्यात व्हय कुरडया? धरायचं म्हाईत हाय तुमास्नी."

"करत होती."

"आन् आता?"

"आता नाही."

तिनं लुगड्यावरची एक ओलसर कुरडई मोडून अर्धी मला दिली, अर्धी मित्राला. अर्धी सुकलेली कुरडई चामट लागते, जराशी आंबट. मी गच्चीवर चोरून खायचो आणि हातावर चापट बसायची. इथं चापट बसली नाही. चावायला वेळ लागला.

पाऊस थांबल्यावर वावरात गेलो. चिखल पायांना धरत होता. रबरं निसटून पंख एकीकडं, धड दुसरीकडं, नाक मोडलेलं. मी वाकायच्या आत बाई पुढं झाली आणि तिनं धड उचललं. कोणी न सांगता तिचा हात पोटाखाली गेला.

"हितं धरायचं व्हय? बरी जागा केलीया. बोटं बसत्यात."

माझ्या तोंडात आलं होतं, तिथं धरू नका. ते तोंडातच राहिलं. घासलेलं पातेलं झटकावं तसं तिनं ते झटकून पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिच्या हाताचा चिखल खळग्यांमध्ये बसला होता.

घरी येऊन मी ओल्या फडक्यानं चिखल पुसला. एवढे दिवस त्या जागेला बोट लावलं नव्हतं, आता एकेक खळगा आतून पुसावा लागला. नाक डिंकानं जोडलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं.

पुढच्या रविवारी परत गेलो. मित्रानं येताना एक जुना पंचा आणला होता. तो त्यानं स्कूटरच्या आरशाला बांधला आणि म्हणाला, "हा थांबला की सांगतो." पंचा चांगला फडफडत होता. मग त्यानं विमान घेतलं, आपणहून शेपटीला धरलं.

म्हटलं, "मधे धर."

"नको म्हणाला होतास."

"आता म्हणतोय धर."

त्यानं पोटाखाली हात घातला, बोटं इकडं तिकडं केली. "बसत नाहीत राव. वहिनींचा हात बारीक होता. मी धरलं तर दाबलं जाईल."

मी पंच्याकडं बघितलं, मग उगवतीकडं. आभाळ स्वच्छ होतं.

"दाबू दे," मी म्हणालो.

थर्माकोल करकरलं. मी रिमोट उचलला आणि त्याला सांगितलं, "फेकू नको. सोड."