हिरणीच्या पसंतीची मोटार

हनीफभाईंनी वीस वर्षं स्टेशनापासून पंचवटीपर्यंत टांगा हाकला. त्यांनी मोटार घ्यायचं ठरवलं तेव्हा साऱ्या भद्रकाली मोहल्ल्याला वाटलं, गडी वठणीवर आला. यात्रेकरू हल्ली मोटारीच्या भोंग्याच्या दिशेनं धावत. घोड्याच्या टापा कोण ऐकतो?

लहानू मिस्त्रीच्या आवारात दोन जुन्या छोट्या मोटारी विकायला होत्या. एक काळी, एक हिरवी, किंमत सारखीच. काळी अंगानं भरलेली. चार उतारू ऐसपैस बसत, आणि त्र्यंबकच्या रस्त्यानं सातपूरपर्यंत पळवून आणली तरी तिला धाप लागली नाही. हिरवी आखूड. मागं बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला टेकत, हुडाला दोन ठिगळं, आणि हँडल तीनदा फिरवल्याशिवाय बाईसाहेब जाग्या होत नसत. आंधळ्यानंही काळीच घेतली असती.

हनीफभाई मात्र आठ दिवस तुलनाच करत राहिले. चाकं खुरांसारखी निरखली, दिव्यांत दात पाहावेत तसं डोकावले, आणि बॉनेटवर थाप मारून सांगितलं की हिरवी स्वभावानं गरीब आहे. लहानूनं तोंड फिरवून हसू गिळलं.

घरी बायको, मासूमाबी, काळीच्या बाजूनं. गुडघे छातीशी घेऊन त्र्यंबकला कोण जाईल, असं त्या रोज विचारत. हनीफभाईंचं खरं कारण निराळंच होतं. तबेला एकच. काळी आत शिरली की म्हातारी घोडी हिरणी बाहेर, म्हणजे थेट घोटीच्या गुरांच्या बाजारात. हिरवी आली तर भिंतीलगत घोडीपुरती जागा उरत होती. हे माप त्यांनी काठीनं गुपचूप घेतलं होतं, तेही तीनदा.

शेवटी त्यांनी टांगेवाल्यांचा रिवाज पुढं केला. नवं जनावर घेण्याआधी ते जुन्यासमोर उभं करायचं. जुन्यानं कान पाडले की सौदा मोडला. मासूमाबी म्हणाल्या, बघू या.

शुक्रवारी नमाजनंतर घुंगरमाळ घातलेल्या हिरणीचा आवारात प्रवेश झाला. प्रेक्षकांत निम्मी गल्ली. काळीसमोर तिनं माशी हाकलली आणि मान वळवली. हिरवीला हुंगलं, आणि मडगार्ड चाटायला लागली ती थांबेचना. हनीफभाईंनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. पडदा पडावा तर इथंच.

पण मासूमाबी बुरखा सावरत पुढं आल्या. मडगार्डावर मुंग्यांची रांग चढत होती. त्यांनी तिथं बोट फिरवून नाकाशी नेलं.

"माजिदाचे अब्बा," त्या हळूच म्हणाल्या, "चहाचा गूळ कुठं गेला ते कळलं."

हनीफभाई आभाळातच बघत होते.

"आणि खुणा केलेली काठी दाराआड ठेवू नये. मलाही मोजता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सोंग कुठवर नेता ते पाहावं."

मग त्यांनी लहानूला सांगितलं, हिरवीच द्या, पण धुऊन.

उतारू तिच्यात गुडघे कवटाळून त्र्यंबकला जाऊ लागले. थंडीत मात्र हँडलनं काही होईना. मग हनीफभाई हिरणीला जुंपत, आणि मोटार जागी होईपर्यंत घोडी तिला गल्लीच्या टोकाशी ओढून नेई. परतल्यावर मासूमाबी खडा हातात घेऊन दारात उभ्या असत आणि विचारत, "आज गूळ कुणाला?"